खिशांतला चाकू

आमचे एक स्नेही कांहीं वर्षांपूर्वीं फ्रान्सहून परत आले, तेव्हां त्यांनीं आमच्यापुढें एक लहानसा मिटणारा चाकू ठेवला आणि ठेवल्याबरोबर एक रुपया मागितला. भेट द्यावयाची आणि वर मोल मागावयाचें, हा प्रकार आम्हांस चमत्कारिक वाटला. त्यांनीं खुलासा केला तो असा, कीं त्या देशांत चाकू कोणी फुकट देत नाहीं. चाकूनें स्नेह तुटतो अशी समजूत आहे, आणि एकादें नाणें हातीं घेतलें म्हणजे ती भेट न राहतां विक्री होते व स्नेह शाबूत राहतो. आमच्या मातुःश्री कात्री किंवा सुरी कधीं कोणाच्या हातांत देत नसत. जमिनीवर ठेवीत आणि "उचल" म्हणत. हातोहात दिली तर भांडण होतें, हें त्यांचें शास्त्र. दोन्ही शास्त्रें एकाच भीतीचीं आहेत असें पाहून आम्हीं मुकाट्यानें रुपया काढून दिला.

चाकू दिसावयास अगदींच साधा. बीच नांवाच्या झाडाच्या लांकडाची गोल, पोटांत किंचित् फुगलेली मूठ; तिच्यांत मिटणारें साध्या कार्बनयुक्त पोलादाचें पातें. पात्याची लांबी साडेआठ सेंटिमीटर, वजन पन्नास ग्रॅमच्या आंत. भाग मोजावयास गेलें तर पांच: मूठ, पातें, खीळ, मुठीच्या तोंडाशीं पक्कें बसविलेलें कडें, आणि त्याच्याभोंवतीं फिरणारें दुसरें कडें. पात्यावर एका उभारलेल्या हाताचें चित्र, व त्या हातावर मुकुट. फ्रान्समध्यें अशा चाकूस एका साध्या उपाहारगृहांतील जेवणाहून अधिक पैसे पडत नाहींत. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ एकच वस्तु जवळजवळ त्याच रूपांत विकली जावी, आणि ती स्वस्तहि राहावी, ही गोष्ट आम्हांस विचार करण्याजोगी वाटली. तिच्या मागें लागतां लागतां जें हातीं आलें तें येथें मांडीत आहों. आणि वाचून भागत नाहीं म्हणून चाकू रानांत नेऊन पाहिला, तीहि हकीकत सांगूं.

मिटणारा चाकू ही अर्वाचीन युक्ति आहे अशी आमची समजूत होती. ती खोटी ठरली. ऑस्ट्रियांतील हालष्टाट येथील मिठाच्या खाणींजवळच्या प्राचीन वसाहतींत हाडाच्या मुठीचा एक मिटणारा चाकू सांपडला आहे, व तो इसवी सनापूर्वीं सहाशें ते पांचशें वर्षांच्या सुमाराचा मानतात. रोमन लोकांचे असे चाकू तर अनेक सांपडले आहेत. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयांत एक रोमन चांदीचें साधन आहे. त्यांत चमचा, कांटा, दांतकोरणें व लोखंडी पातें अशीं सर्व एका मुठीला जडवून मिटतां येतात. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनर यानें 1891 सालीं आपल्या सैन्यास चाकू पुरविण्यास आरंभ केला, त्याच्या सोळाशें वर्षें आधींची ही वस्तु! पण चांदीचा चाकू श्रीमंताच्या कमरेस. आमचा प्रश्न निराळा होता. गरिबाच्या खिशांत चांगला चाकू केव्हां आला, आणि त्याची किंमत कोणीं दिली?

या प्रश्नाचें उत्तर शोधणारास प्रथम शेफील्ड येथें जावें लागतें. इंग्लंडांतील या गांवीं चौदाव्या शतकापासून चाकू होत असल्याचा पुरावा चॉसर कवीच्या काव्यांतच आहे, आणि 1624 सालीं तेथील चाकू करणारांच्या संघास पार्लमेंटच्या कायद्यानें मान्यता मिळाली. तरीहि तेथील चांगलें पोलाद बराच काळ एकसारखें नसे. एकाच पट्टींत कठीण व मऊ असे थर येत. 1740 नंतरच्या दशकांत बेंजामिन हंट्समन नांवाच्या एका घड्याळजीनें मातीच्या मुशींत पोलाद वितळवून तें एकजीव करण्याची रीत बसविली. मुशींतलें पोलाद म्हणतांच आमच्या वाचकांस दक्षिण हिंदुस्थानची आठवण होईल, आणि ती रास्तच आहे. तेथें शेंकडों वर्षें मुशींत पोलाद तयार होत होतें आणि 'वुट्झ' या नांवानें तें युरोपांत जात होतें. हंट्समनला त्याची माहिती होती असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु पुढें लंडनचा चाकू करणारा जेम्स स्टोडार्ट हा त्या पोलादाचीं हत्यारें विकी, व त्याच्याच संगतीनें मायकेल फॅरडे यानें 1819 नंतर या पोलादावर प्रयोग केले. विजेचा तो थोर शोधक तरुणपणीं आपल्या पोलादाचें मर्म शोधीत बसला होता, ही गोष्ट आमच्या शाळांतून कधीं सांगितलेली आम्हीं ऐकली नाहीं. गंमत अशी, कीं हंट्समनचें पोलाद शेफील्डच्या कारागिरांनींच आरंभीं नाकारलें. फार कठीण पडतें म्हणून त्यांची तक्रार. फ्रेंच कारागिरांनीं तें विकत घेतलें, त्यांचे चाकू इंग्लंडांत येऊं लागले, तेव्हां शेफील्डचे डोळे उघडले.

पुढें शेफील्डनें साऱ्या जगाच्या खिशांत चाकू घातला. मुंबईच्या बाजारांतहि रॉजर्सच्या पेढीचे चाकू येत, आणि बोरू तासण्यापासून सुपारी कातरण्यापर्यंतचीं कामें करीत. अमेरिकेंत शेफील्डच्याच 'बार्लो' जातीच्या चाकूची कीर्ति इतकी, कीं मार्क ट्वेनच्या 1876 सालच्या कादंबरींतील टॉम सॉयर या पोरास साडेबारा सेंटांचा बार्लो चाकू मिळतांच त्रैलोक्याचें राज्य मिळाल्यासारखें होतें. एवढ्या अल्प मोलांत एवढी वस्तु कशी देतां येई? कामाची वांटणी हें एक उत्तर. एक पातें घडवी, दुसरा घांसून धार काढी, तिसरा मूठ जोडी. दुसरें उत्तर या मधल्या माणसाच्या छातींत होतें.

घांसणारा माणूस फिरत्या दगडावर ओणवा होऊन दिवसभर बसे. दगडाची व पोलादाची बारीक धूळ त्याच्या श्वासाबरोबर आंत जाई. 1845 सालीं प्रसिद्ध झालेल्या एंगल्सच्या इंग्रज मजुरांवरील ग्रंथांत शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांची साक्ष दिली आहे: कोरड्या दगडावर काम करणारे क्वचितच पस्तिशी गांठीत, आणि ओल्या दगडावर काम करणारे क्वचितच पंचेचाळिशी ओलांडीत. याहून विषण्ण करणारी गोष्ट पुढेंच आहे. धूळ बाहेर ओढून घेण्याचे स्वस्त उपाय निघाले होते; परंतु ते बसविण्यास कित्येक ठिकाणीं खुद्द मजुरांनींच विरोध केला, कोठें कोठें तीं साधनें मोडून टाकलीं. काम निर्धोक झालें तर अधिक माणसें या धंद्यांत येतील आणि मजुरी उतरेल, ही त्यांना भीति! आयुष्य थोडें असल्यामुळेंच त्यांस दोन पैसे अधिक मिळत होते. आम्हीं हें प्रथम वाचलें तेव्हां पुस्तक मिटून खालीं ठेविलें, आणि मेजावर पडलेल्या त्या लहानशा चाकूकडे पूर्वींच्या कौतुकानें आम्हांस पाहवेना.

फ्रान्समध्यें थिये हें गांव शेफील्डचें भावंड. तेथें द्युरोल नदीच्या कांठीं घांसणारे कारागीर पाण्यावर फिरणाऱ्या दगडाच्या वर फळीवर पालथे पडून काम करीत. खालून थंडगार पाणी, भिंतींना ओल; म्हणून पायांवर कुत्रा निजवीत, कां, तर त्याची ऊब मिळावी. दगडाच्या पिवळट चिखलानें त्यांचीं पोटें रंगत, म्हणून त्यांस 'पिवळ्या पोटाचे' असें टोपणनांव पडलें. एवढें तरी खरें, कीं पालथें पडल्यानें पाठ मोडत नसे. कुत्र्याची मात्र नोंद कोणीं ठेवलेली नाहीं.

आतां आमच्या चाकूकडे वळूं. तो ना शेफील्डचा, ना थियेचा. आल्प्स पर्वतांत सावोय नांवाचा प्रांत आहे. 1860 पर्यंत तो सार्डिनियाच्या राजाकडे होता, नंतर फ्रान्समध्यें गेला. तेथील सें-झां-द-मोरियेन गांवाजवळच्या एका खेड्यांत ओपिनेल नांवाचें लोहारांचें घराणें कुऱ्हाडी, कोयते व छाटणीचीं हत्यारें करी. या घरांत 1872 सालीं जोझेफ ओपिनेल जन्मला. पोरगा यंत्रवेडा, छायाचित्रणाचाहि त्यास नाद होता. 1890 सालीं, म्हणजे अठराव्या वर्षीं, त्यानें शेतकऱ्यासाठीं हा खिशांतला चाकू आंखला. बापास तें फारसें रुचलें नाहीं म्हणतात. कुऱ्हाडीच्या घरानें असलीं खेळणीं कशास करावीं, हा विचार कोणत्याहि देशांतल्या बापास सुचण्यासारखा आहे. पोरानें ऐकलें नाहीं. मुठी झपाट्यानें निघाव्या म्हणून त्यानें स्वतःच यंत्रें बनविलीं आणि ओढ्याच्या पाण्यावर चालणारा लहानसा कारखाना काढला. 1897 सालीं एकापासून बारापर्यंत क्रमांकांचे चाकू तयार झाले. सर्वांत लहान घड्याळाच्या सांखळीस अडकविण्याजोगा, सर्वांत मोठा पाव कापण्याचा. पुढें 1935 च्या सुमारास पहिला व अकरावा हे दोन क्रमांक वगळले, म्हणून आजहि त्या मालिकेंत ते दोन दांत पडलेले दिसतात.

मुकुटधारी हात 1909 सालचा. सें-झां-द-मोरियेन येथें बाप्तिस्मा देणाऱ्या संत जॉनचीं तीन बोटें जपून ठेविलीं आहेत अशी श्रद्धा आहे, व तो हात गांवाच्या मानचिन्हांत आहे. जोझेफनें तो घेतला आणि सावोयच्या जुन्या सरदारीची खूण म्हणून वर मुकुट चढविला. त्याच खोऱ्यांतून 1871 सालीं उघडलेल्या बोगद्याकडे जाणारा इटलीचा लोहमार्ग गेला होता. फेरीवाल्यांनीं व रेल्वेच्या कामगारांनीं हा चाकू स्वतःबरोबर गांवोगांव नेला. जाहिरातीस दमडी लागली नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत दोन कोटि चाकू खपले होते.

आम्हांस सर्वांत मौज वाटते ती फिरत्या कड्याची. पहिलीं पासष्ट वर्षें या चाकूस कुलूप असें नव्हतेंच. पातें नुसतें घर्षणानें जागीं राही. 1955 सालीं जोझेफचा मुलगा मार्सेल यानें हें कडें शोधून काढलें. तें फिरविलें कीं खांच झांकली जाते आणि उघडें पातें मिटूं शकत नाहीं. पुढें त्याच कड्यानें मिटलेलें पातेंहि अडविण्याची सोय झाली. स्प्रिंग नाहीं, कळ नाहीं. एक पत्र्याची पट्टी वांकवून गोल केली, एवढेंच. मात्र कडें आपोआप फिरत नाहीं, फिरवावें लागतें. हें वाक्य आम्ही लिहितों आहों खरे, पण शिकलों तें दुसऱ्याच्या बोटावर.

गेल्या श्रावणांत आम्ही चौघेजण, त्यांत आमचा बारा वर्षांचा भाचा, गुंजवण्याच्या बाजूनें राजगड चढलों. वाट दाखविण्यास गांवचे एक वयस्क गृहस्थ बरोबर होते. कमरेला कोयता, डोक्यावर घोंगडीची खोळ. पाऊस सारखा. पद्मावती माचीवर पोंचेपर्यंत आमच्या पिशव्या आंतून बाहेरून भिजल्या होत्या. संध्याकाळीं परीक्षेस आरंभ झाला. कांदे, बटाटे, भिजलेली सुतळी, दोरखंड यांवर चाकूनें उत्तम काम केलें. पातळ पातें कांद्यांतून जातें तें जाड पात्याच्या महागड्या चाकूहून पुष्कळ सफाईनें. आमच्या एका सोबत्याजवळ अनेक हत्यारांचा एक चकचकीत ठोकळा होता, त्यानें कांदा चिरला जाण्याऐवजीं फुटत होता. लिंबू कापतांच मात्र आमच्या पात्यावर निळसर काळे डाग उमटले. साध्या पोलादाचा हा स्वभावच. हा काळा थर बसला म्हणजे पुढें गंज कमी चढतो असें जाणते सांगतात.

नंतर आम्हीं आमची बुद्धि दाखविली. कारवीची एक जाड काठी उभी फोडावी म्हणून चाकू तिच्यावर ठेवून वरून दगडानें ठोकूं लागलों. वाटाड्ये बाबा शांतपणें पाहत होते. म्हणाले, "सायेब, त्यो कांदा चिराया हाय. लाकडाला ह्यो." आणि कोयत्याच्या एका घावांत काठीचे दोन तुकडे केले. जोझेफच्या बापानें जें पोरास सांगितलें असेल तें आम्हीं राजगडावर ऐकलें.

भाच्यास चाकू हातीं घेण्याची घाई झाली होती. आम्हीं तो उघडून त्याच्या हातीं दिला, आणि कडें फिरविण्यास विसरलों. तो बांबूच्या तुकड्यास टोंकानें भोंक पाडूं लागला. टोंकावर जोर येतांच पातें मिटलें व त्याच्या तर्जनीवर बसलें. जखम खोल नव्हती, रक्त मात्र पुष्कळ आलें. दोष चाकूचा नव्हता, सर्वस्वी आमचा होता. पोराच्या आईस काय सांगावें या चिंतेंत आम्ही, आणि पोरगा बोट बांधून घेतल्यावर पहिला प्रश्न विचारतो तो असा: "मामा, आतां मला हा परत देणार नाहीं ना?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं. चाकू ओल्या पिशवींत टाकला आणि निजलों.

झोंप लागेना. जपानांतली एक गोष्ट मनांत येत होती. तेथें 1876 च्या फर्मानानें तलवार बाळगण्यास बंदी झाल्यावर लोहारांनीं आपली विद्या घरगुती हत्यारांकडे वळविली. त्या शतकाच्या अखेरीस मिकी या गांवीं 'हिगोनोकामी' नांवाचा एक स्वस्त मिटणारा चाकू निघाला: दुमडलेल्या पत्र्याची मूठ, साधें पातें, कुलूप नाहीं, अंगठ्यानें दाबून धरावयाचें. पिढ्यान् पिढ्या जपानी शाळकरी मुलांनीं त्यानें पेन्सिली तासल्या, खेळणीं कोरलीं. 1960 सालीं असानुमा या पुढाऱ्याचा एका सतरा वर्षांच्या मुलानें भर सभेंत खून केला. त्यानें वापरली ती आंखूड तलवार होती. शाळेच्या चाकूचा त्याच्याशीं कांहीं संबंध नव्हता. तरीहि मुलांच्या हातीं पातें नको अशी चळवळ उठली, दप्तरांतून चाकू गेले, आणि मिकीचे कारखाने एकामागून एक बंद पडले. तें नांव लावण्याचा हक्क असलेलें एकच घर आतां उरलें आहे. त्या वेळच्या आयाबापांची भीति आम्हांस समजते. आमच्या शेजारींच बांधलेलें बोट उशीवर ठेवून भीतीचें कारण झोंपलें होतें. पण कायमचा काढून घेतलेला चाकू मुलास सावधपणा कसा शिकवील, हें आम्हांस कोणीं समजावून दिलेलें नाहीं. आम्हीं स्वतः लहानपणीं ब्लेडच्या अर्ध्या तुकड्यानें पेन्सिली तासल्या; तो चाकूहून शतपट धोक्याचा होता.

सकाळीं चाकू काढला तों त्यावर नारिंगी गंज, आणि रात्रभर पाणी पिऊन मूठ अशी फुगलेली कीं पातें बाहेर येईना. नखानें ओढून नख मोडलें. तेलाचा हात देऊन कोरडा ठेवावयाचा तो ओल्यांत फेंकला, त्याचें हें फळ. तेव्हां सावोयी शेतकऱ्यांची एक हिकमत आठवली. कडें सोडवून, मुठीचें ढुंगण दगडावर हलकेंच आपटलें, तों पात्याचें टोंक खांचेंतून दोन बोटें वर आलें. फ्रेंच लोक यास 'सावोयी ठोका' असेंच म्हणतात. पोरगा आनंदानें ओरडला, आणि मग दहा वेळां तोच खेळ झाला.

बाबांनीं चाकू मागून घेतला. पातें अंगठ्यावर आडवें फिरवून पाहिलें, एका सपाट दगडावर पाणी शिंपडलें, आणि दोन्ही बाजूंनीं पांचसात मिनिटें घांसलें. गंज गेला, धार आली. "लोखंड चांगलं हाय," ते म्हणाले, "केवढ्याला?" आम्हीं फ्रान्समधील किंमत रुपयांत सांगितली. त्यांनीं आपल्या कोयत्याकडे एकवार पाहिलें व कांहीं बोलले नाहींत. त्यांच्या हिशेबीं तो स्वस्त नसावा. आम्ही मात्र दोन वर्षें 'स्वस्त' हा शब्द घोळवीत बसलों होतों.

मग त्यांनीं चाकू मिटला, आणि मुलाच्या हातांत न देतां त्याच्यापुढें दगडावर ठेवला. मुलानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही पावसाकडे पाहूं लागलों. त्यानें चाकू उचलला, उघडला, आणि अगोदर कडें फिरविलें.